तळघरातील रसग्रहण

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? नाटकाची होते, कादंबरीची होते, दिवाळी अंकांची होते, आणि ती झाल्यावर त्या समीक्षेचीही होते. मात्र ज्या जागेत बसून यातली निम्मीअधिक समीक्षा तोंडी पार पडते, त्या जागेची समीक्षा करायला कुणी धजावत नाही. हे काम माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाकडे यावं याचं मलाही नवल वाटतं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सौंदर्यशास्त्राशी माझा संबंध इतकाच की सह्या जुळतात की नाही हे मी गेली वीस वर्षं बघत आलो आहे. पण खरं आणि खोटं शेजारी ठेवून बघायची सवय लागली, की माणूस समीक्षक व्हायला फारसं काही बाकी राहत नाही.

आणि कोल्हापूर हे तर जात्याच समीक्षकांचं गाव! तांबड्या रश्श्याचा पहिला भुरका मारून इथला माणूस खोबरं कच्चं राहिलं की करपलं ते सांगतो. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात पैलवानाची पकड बोटभर हुकली, तर सगळ्यांत वरच्या पायरीवरून त्याचा उद्धार होतो. मिसळीवर आमच्याकडे दोन तास वाद चालतो आणि त्यातून भाऊबंदकीही उद्भवते. असं हे चोखंदळ गाव. पण पेयाचा विषय निघाला की त्याची रसिकता एका प्रश्नावर येऊन थांबते. ‘चढती का?’ संपलं! चव, वास, रंग हे सगळे मुद्दे गैरलागू. एवढा साधा निकष आम्ही रश्श्याला लावला असता तर पोट भरलं की झालं म्हणून भात-पिठलं खाऊन गप्प बसलो असतो.

आता प्रत्यक्ष परीक्षण. मी ज्या परमिट रूमबद्दल लिहितो आहे ती एका व्यापारी संकुलाच्या पोटात आहे. बारा पायऱ्या खाली. मंजूर नकाशात तिथं वाहनतळ दाखवला आहे असं म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. माणसं संध्याकाळी साडेसातला येऊन पार्क होतात ती अकराला हलतात. आत उजेड इतका बेताचा, की शेजारच्या टेबलावर आपले साहेब बसलेत हे त्यांच्या खोकल्यावरून ओळखावं लागतं. साहेबही आपल्याला शिंकेवरून ओळखतात आणि दुसऱ्या दिवशी दोघंही एकमेकांना खोकल्याचं औषध सुचवतात. चखणा मात्र उत्तम. खारे दाणे, काकडी, मसाला पापड आणि सुक्कं मटण. या खात्याला मी दहापैकी नऊ गुण देतो. पेयाच्या खात्याला गुण देता येत नाहीत, कारण बिअर इतकी गार देतात की जीभ बधिर होते. बर्फाची लादी चाटून तिच्या चवीबद्दल काय लिहायचं?

मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा. म्हणजे आपण दारू पितो ती दारूबंदीच्या कायद्यानुसार पितो, हे आधी ध्यानात घ्या. त्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात आणि जन्मभराचा हजारात. हा जन्मभराचा परवाना कुठल्याही मुदतठेवीपेक्षा फायद्याचा; फक्त मुदत किती ते आधी कळत नाही. तो कशासाठी मिळतो माहीत आहे? आरोग्य राखण्यासाठी! त्या तळघरात कोपऱ्यात डोकं टेकून बसलेला इसम कायद्याच्या दृष्टीनं व्यायाम करत असतो.

तळघरात पिणं ही काही आमचीच खासियत नाही. इंग्रजही तळघरात पितात. पण त्यांचं कारण वेगळं. त्यांना तळघर लागतं ते बिअरसाठी. जमिनीखाली बाराही महिने हवा सारखी गार राहते, 11 ते 13 अंशांच्या आसपास, आणि ‘रिअल एल’ नावाच्या बिअरला तेवढाच गारवा मानवतो. ही बिअर म्हणजे काय ते इडलीच्या पिठावरून समजेल. पीठ वाटलं, झाकून ठेवलं, रात्रभर ते आपलं आपण फुगत राहिलं. थंडीत रुसलं, उन्हाळ्यात उतू गेलं. ते जिवंत असतं. तशीच ही बिअर पिंपात भरल्यावरही आंबत राहते, आणि ज्या पिंपात आंबते त्यातूनच हातपंपानं उपसून पेल्यात येते. वरून वायू भरायचा नाही, यंत्रानं गाळायची नाही. पिंप उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपवली नाही तर आंबट ढाण. तळघर सांभाळणारा माणूस त्यामुळे तिथं वैद्यासारखा मान्यवर असतो.

मोठ्या कंपन्यांना हे सोपस्कार कसे परवडणार? त्यांनी बिअर गाळली, तापवून मारली, धातूच्या पिंपात कोंबली आणि वायूच्या जोरावर नळातून सोडली. तेव्हा 1971 साली चार इंग्रज तरुणांनी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला एका पबमध्ये बसून एक संघटना काढली. रिअल एलसाठी चळवळ! कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. ही सरळ सरळ कृती समिती आहे. आम्ही टोलविरोधी कृती समिती काढून वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलो आणि 2015 च्या अखेरीस सरकारला आमच्या गावचा टोल रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. त्यांनी मोर्चे काढले ते चवीसाठी. त्यांचे सभासद आज लाखाच्या वर आहेत. फरक एवढाच, की आमच्या कृती समितीत बैठकीनंतर जे व्हायचं ते त्यांच्या समितीत बैठकीतच होतं.

नॉटिंगहॅम गावी किल्ल्याच्या कातळाला टेकून एक पब आहे. नाव, ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’. यातला ‘ये’ म्हणजे ‘ये, बस’ मधला ‘ये’ नव्हे, जुन्या लिपीतल्या ‘द’चा तो अपभ्रंश, पण आपला अर्थ जास्त अगत्याचा आहे. भिंतीवर साल रंगवलंय 1189. जाणकार म्हणतात, इमारत फार तर सतराव्या शतकातली. पाचशे वर्षं वय वाढवून सांगणारी वास्तू जगात हीच असावी. तिच्या मागच्या खोल्या आणि तळघरं मात्र खरोखर खडकात खोदलेली आहेत. आपल्या पन्हाळ्यावर अंधारबाव आहे, जमिनीच्या पोटात मजले आणि तळाशी पाणी. तिथं उतरताना अंगावर येतो तो गारवा आठवा, म्हणजे त्या पबचं वातानुकूलन कळेल. या पबात एक छोटं लाकडी जहाज टांगलेलं आहे. ते पुसायला गेलेली माणसं मेली अशी वदंता आहे, म्हणून वर्षानुवर्षांची धूळ त्यावर तशीच साठलेली. आमच्या परमिट रूममधल्या पंख्याचं असंच आहे, फक्त त्याला आख्यायिका नाही.

हे सगळं ज्ञान मला पुण्याच्या भाच्यानं दिलं. तो संगणकात आहे. ‘मामा, तुम्ही आयुष्यभर चुकीची बिअर प्यालात,’ असं म्हणून त्यानं मला तिथल्या एका क्राफ्ट बिअरच्या तळघरात नेलं. जिन्यात मी म्हणालो, ‘ताईला सांगू नकोस.’ तोही त्याच क्षणी म्हणाला, ‘आईला सांगू नका.’ घराण्याचा वारसा असा जपला जातो.

पुण्यात हा प्रकार रुजला 2009 साली. त्या वर्षी तिथं ‘डूलाली’ नावाची छोटी ब्रुअरी निघाली. हे नाव परदेशी वाटतं. पण ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं आहे! देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन् महिने पडून असत. काम नाही, करमणूक नाही, ऊन मरणाचं. काहींची डोकी फिरायची. त्याला ते म्हणत ‘डूलाली टॅप’. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. इंग्रजीत आजही वेड लागण्याला हाच शब्द आहे. बदलीच्या हुकमाची वाट बघणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला हा ताप समजावून सांगावा लागत नाही.

आम्ही गेलो ते तळघर मात्र दुसरंच, आणि त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढं टीका आहे. आधी गुण सांगतो. एका लाकडी फळीवर सहा इवलेसे पेले आले, फिक्या पिवळ्यापासून काळ्यापर्यंत, खाली क्रमांक घातलेले. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत आल्यासारखं वाटून मी क्षणभर रिपोर्ट कधी मिळेल ते विचारणार होतो. पण एकेक घोट घेत गेलो आणि मान्य करतो, जिभेला काम लागलं. गव्हाच्या बिअरला केळं आणि लवंगेचा वास! यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, ही सगळी यीस्टची करामत. काळ्या बिअरमध्ये भाजलेल्या सातूचा कडसर वास. होय, सातूच. बार्ली म्हणजे आपला सातू. भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, भाजायचा, भरडायचा. मोड आणण्यापर्यंतची कृती आमच्या मिसळीच्या मटकीसारखीच, पुढं दोघींचे संसार वेगळे होतात.

‘इंडिया पेल एल’ नावाचा पेला सगळ्यांत कडू. लंडनच्या हॉजसन नावाच्या बिअरवाल्याची पेल एल अठराव्या शतकाच्या अखेरीला जहाजांवरून हिंदुस्थानात यायची. हॉप्स नावाची फुलं भरपूर घातली की ती प्रवासात टिकायची. ही हॉप्स गांजाच्याच कुळातली, पण नशेची नव्हेत. घराण्यातली शाळामास्तर झालेली शाखा म्हणा. म्हणजे आमच्या नावाची बिअर लंडनहून इकडं यायची ती गोऱ्यांसाठी, आणि आज तीच पुण्यात बनवून आम्हीच पितो. परतफेडीचा हा व्यवहार दोनशे वर्षं चालला.

आता दोष. पहिला हिशेबाचा. आमच्या परमिट रूमची 650 मिलीची स्ट्राँग बाटली 8 टक्क्यांची धरली तर तीत 52 मिली मद्यार्क. बिल 230 रुपये. पुण्याचा अर्ध्या लिटरचा पेला साडेचार टक्क्यांचा, म्हणजे साडेबावीस मिली, बिल 425. कोल्हापुरात एक मिली साडेचार रुपयांच्या आत, पुण्यात एकोणीसच्या घरात. वर परमिट रूमवरचा व्हॅट 2023 च्या नोव्हेंबरपासून 5 चा 10 टक्के झालेला. भाचा म्हणाला, ‘मामा, पुस्तक काय पानांवर मोलतात?’ मी गप्प बसलो, पण बिलाचा कागद खिशात ठेवला.

दुसरा दोष जास्त गंभीर. तळघर खोटं होतं. विटांच्या भिंती म्हणजे विटांचं चित्र असलेला कागद, गारवा यंत्राचा, आणि फळ्यावर खडूनं ‘रिअल एल’ लिहिलेलं असताना पेला भरला तो वायूच्या नळातून. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, ‘ही पिंपात आंबलेली आहे का?’ त्यानं मला, पैसे काढायला आलेल्या माणसाला मी बघतो तसं बघितलं. सही जुळत नव्हती. अशा वेळी मी चेक परत करतो. शिवाय संगीत इतकं मोठं, की शेजारच्याचा खोकलासुद्धा ऐकू येईना.

तरीही त्या जागेत एक गोष्ट होती ज्यासाठी मी तिला पास करतो. काचेपलीकडे बिअरची टाकी स्वच्छ दिसत होती, आणि बसलेली माणसंही दिसत होती. एक पेला तासभर पुरवत ती बोलत होती. त्यांत बायका होत्या, कुणाचे तरी वडील होते, आणि कुणीही दाराकडे पाठ करून बसलं नव्हतं.

आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. नोटा मोजताना बोटांना लय होती माणसाच्या. ते रोज त्या बारा पायऱ्या उतरायचे, वीस मिनिटांत तीन नाइन्टी उभ्याउभ्या संपवायचे, बडीशेप चघळायचे आणि साडेआठच्या आत घरी. बसायला वेळच नव्हता. बसलं तर कुणी बघेल. पन्नाशी गाठायच्या आत गेले. दहाव्याला त्यांची बायको म्हणाली, ‘मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं हो. म्हटलं, त्यांना वाटतंय मला कळत नाही, तर वाटू दे.’ वीस वर्षं त्या दोघांनी एकमेकांपासून एक तळघर लपवलं. घरी जेवताना एक पेला सावकाश घेतला असता तर काय झालं असतं ते डॉक्टर सांगू शकतील, मी नाही. पण वीस मिनिटांची घाई त्यांना दारूनं लावली नव्हती, एवढं मी जबाबदारीनं लिहितो. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरपैकी बहुतेक स्ट्राँगच का असते याचं निम्मं उत्तर मला त्या पायऱ्यांवर सापडतं. लपून करायची गोष्ट माणूस झटपटच उरकतो, आणि झटपट उरकायच्या गोष्टीला चव कोण विचारतो?

कोल्हापूरचा गूळ भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. पाणी आमच्याकडं पंचगंगेचं, जिभा रश्श्यावर पोसलेल्या. उद्या इथं कुणी गुळाची बिअर केली तर आठवड्याभरात तिच्यावर दोन तट पडतील, आणि मी दोन्हीकडून लिहीन. हा विचार मी परवा आमच्या परमिट रूमच्या मालकांपुढं मांडला. म्हटलं, ‘बिअर जरा कमी गार द्या, पेले मोठे घ्या, चार दिवे वाढवा. माणसं निवांत बसतील.’

मालकांनी गल्ल्यातल्या नोटा सारख्या केल्या. म्हणाले, ‘साहेब, दिवे आजच लावतो की. पण मग खाली उतरणार कोण? पहिल्यांदा तुमचंच नाव लिहून देता का, टेबल राखून ठेवतो. दारासमोरचं.’

‘घरी विचारून सांगतो,’ मी म्हणालो.