वाद्य आणि अलंकार

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी दिवाणखान्यात पियानोला जे मानाचे स्थान होते, ते केवळ संगीताने मिळवून दिलेले नव्हते. पियानो हे घराच्या प्रतिष्ठेचेही चिन्ह होते. त्याच्या लाकडी पेटीवर कोरीवकाम, जडावकाम आणि चित्रे यांची गर्दी झाली, ती यामुळेच. या गर्दीत कला किती आणि मिरवणे किती, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आमच्या साहित्यशास्त्राने अलंकाराला औचित्याची कसोटी लावली. तीच येथेही लावून पाहावी.

तारांचा ताण वाढत गेला तसा तो पेलण्यासाठी लोखंडाचा आधार घ्यावा लागला. वाद्य जड झाले आणि त्याखाली फुगीर, कातीव, जाडजूड पाय आले. चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांस हे रूप असह्य वाटे. जुन्या हार्पसिकॉर्डची सडसडीत आकृती आणि तिला पेलणारी सरळ घोडी त्यांनी पुन्हा पुढे आणली. विल्यम ग्रॅहॅम यांच्या कन्येसाठी लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीने १८७९-८० मध्ये घडविलेल्या पियानोवर त्यांनी ऑर्फियसची कथा वर्तुळांत चितारली. संगीताच्या बळावर पाताळातून पत्नीला परत आणू पाहणारा आणि मागे वळून पाहिल्यामुळे तिला कायमची गमावणारा हा गायक. वाद्यावर याहून उचित विषय कोणता असणार?

त्याच आकृतीच्या १८८३ च्या ब्रॉडवुड पियानोवर केट फॉकनर यांनी सरस आणि पांढरी भुकटी यांच्या लेपातून सोनेरी-रुपेरी वेलबुट्टी उठविली. हा पियानो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. येथे कथा नाही, केवळ नक्षी आहे. पण ती पेटीची रेषा कोठेही मोडत नाही. आमच्या मते हाच या परंपरेचा उत्तम नमुना होय.

याच्या उलट टोकाला न्यूयॉर्कचे धनिक हेन्री मार्क्वंड यांचा पियानो आहे. यंत्र स्टाइनवेचे, पेटीची कल्पना आल्मा-टॅडेमा यांची, बांधणी लंडनच्या जॉनस्टन, नॉर्मन कंपनीची आणि पट्ट्यांवरील चित्र एडवर्ड पॉइंटर यांचे. आबनूस, हस्तिदंत, शिंपले यांचे जडावकाम असलेली ही पेटी १८८० च्या दशकात सिद्ध झाली. तिच्यातील कारागिरी थक्क करणारी आहे, हे नाकारणे अरसिकपणाचे ठरेल. परंतु या वाद्यासमोर बसलेल्याचे हात प्रथम पट्ट्यांकडे जातील की डोळे चित्राकडे? अलंकार बोलू लागला की वाद्याला श्रोता उरत नाही. १९९७ मध्ये लंडनच्या लिलावात या पियानोला सात लाख पौंडांहून अधिक किंमत आली. ती स्वरांची नव्हती, पेटीची होती. आज तो मॅसॅच्युसेट्समधील क्लार्क कलासंस्थेत आहे.

म्हणून अलंकारच त्याज्य मानावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. शतकाच्या अखेरीस बेली स्कॉट यांनी पियानोच्या पट्ट्या कपाटासारख्या दारांआड ठेवण्याची योजना केली. वाद्य मिटले की ते साध्या फर्निचरात सामावून जाई. हाही एक संयमच. पण वाद्याला लपविणे म्हणजे त्याला शोभा देणे नव्हे. फॉकनर यांनी या दोहोंमधला मार्ग दाखविला. नक्षी हवी, पण ती वाद्याच्या अंगाने वाढलेली हवी.

या वाद्यांवर कंपनीचे नाव असते, ग्रंथांत चित्रकाराचे असते. ज्या सुताराने पेटीचा बाक वळविला, त्याचे नाव सहसा कोठेच नसते. औचित्याचा पहिला धडा मात्र त्याच्याच हाताने गिरविलेला होता.