मलिक अंबर आणि ‘सौम्य’ गुलामगिरीची कल्पना : एक चिकित्सा

आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराचा विषय निघाला की एक तुलना अनेकदा केली जाते. अटलांटिकपार नेलेला आफ्रिकी माणूस उसाच्या मळ्यात राबून मेला. दख्खनमध्ये विकला गेलेला हबशी मात्र निजामशाहीचा सूत्रधार झाला. उदाहरण अर्थातच मलिक अंबरचे. त्यावरून भारतातील गुलामगिरी सौम्य होती, असे अनुमान काढले जाते. ज्या अहमदनगरच्या (सध्याचे अहिल्यानगर) इतिहासावर हे अनुमान उभे आहे, त्या इतिहासाचा त्याला कितपत आधार आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

दोन्ही व्यवस्थांत फरक होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे अटलांटिकच्या जहाजांवर चढविली गेली. त्यांपैकी सुमारे अठरा लाख वाटेतच मरण पावली. व्हर्जिनियातील १६६२ च्या कायद्याने गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम ठरविले. दख्खनच्या सुलतानांना मात्र मजूर नव्हे, तर गणगोत नसलेला आणि म्हणून धन्याशी एकनिष्ठ राहणारा शिपाई हवा होता. धनी वारल्यावर असा शिपाई बहुधा मुक्त होई व त्याची पुढील पिढी येथल्या समाजात मिसळून जाई. रिचर्ड ईटन यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात हे नेमकेपणाने दाखविले आहे.

परंतु फरक म्हणजे सौम्यपणा नव्हे. इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. ‘अंबर’ हे नाव धन्याने दिलेले. १६१७ मध्ये त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने मोखा येथे तो वीस डुकाटांना विकला गेल्याचे नोंदविले आहे. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही एके काळचा हबशी गुलामच. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून राज्य सावरले आणि १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली. चरित्रकार येथे रमतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पण चापूचे आईबाप, भाषा, गाव यांविषयी कोणी थांबून विचारत नाही. विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने १६१० च्या सुमारास अंबरच्या फौजेतील हबशांची संख्या दहा हजार दिली आहे. त्यांतील किती जणांची नावे आज सांगता येतील? घरकामासाठी विकल्या गेलेल्या स्त्रिया तर या आकड्यातही नाहीत. हजारोंमधून वर आलेल्या एकाच्या भाग्यावरून साऱ्या व्यापाराचे माप काढणे ही मूलभूत पद्धतिदोषाची बाब आहे.

वर्णद्वेष येथे नव्हता, हे विधानही जपूनच करावे लागते. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात अंबरला काळ्या रंगावरून हिणविले आहे. शिवाय अंबरच्या छिन्न मस्तकावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्र अबुल हसनकडून काढवून घेतले. अंबर तेव्हा जिवंत होता आणि बादशहाला त्याचा पराभव करता येत नव्हता.

आफ्रिकेच्या बाजूने पाहिल्यास तुलनेचा पायाच डळमळतो. तरुण माणसांचे अपहरण, त्यासाठी पेटविलेल्या लढाया आणि ओस पडलेली शेती यांनी त्या खंडाचा विकास कसा खुंटला, याचे विवेचन वॉल्टर रॉडनी यांनी १९७२ मध्ये केले. गाव सोडून गेलेला मुलगा तांबड्या समुद्राकडे गेला की पश्चिम किनाऱ्याकडे, याने मागे राहिलेल्यांचे नुकसान कमी होत नाही. दोन्ही किनाऱ्यांवर माणसांच्या मोबदल्यात दिल्या जाणाऱ्या मालात भारतीय सुती कापड होते, ही गोष्ट तर आपल्याकडे क्वचितच चर्चिली जाते.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. कोणाची गुलामगिरी बरी, हा प्रश्न त्या अर्पणपत्रिकेत नाही. दूरच्या दास्याकडे पाहून घरातले दास्य ओळखावे, अशी तिची दिशा आहे. अंबरचा दाखला देणारे पुष्कळसे लेखन नेमके उलट करते.