कंठस्थ वचन आणि मराठी ख्रिस्ती भक्ती

बायबलातील वचने मुखोद्गत करण्याची चाल मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत जुनी आहे. शब्बाथशाळेत मुलांकडून वचन पाठ करून घेतले जाते. घरच्या प्रार्थनेत वडीलधारी माणसे ते म्हणून दाखवितात. आजाऱ्याच्या उशाशी त्याचा उच्चार होतो. या चालीचे समर्थन बहुधा उपदेशाच्या भाषेत केले जाते. वचन पाठ असले म्हणजे मोहाच्या वेळी ते उपयोगी पडते, दुःखात धीर देते, असे सांगितले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे. कोणते वचन स्मरणात टिकते, कोणत्या भाषेत टिकते आणि टिकल्यावर ते माणसाचे काय करते, हे प्रश्न धर्मोपदेशकाइतकेच वाङ्मयाच्या अभ्यासकाचेही आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा मराठीपुरता विचार करावयाचा आहे.

या विचारास म्हसवडपासून आरंभ करणे सोयीचे होईल. माणगंगेच्या काठचे हे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात असले, तरी सांगलीकडील आटपाडीचा मुलूख त्याला लागूनच आहे, आणि दोन्ही माणदेशात मोडतात. सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या या क्षेत्री मार्गशीर्षात रथाची यात्रा भरते. या प्रदेशातील धनगरांच्या ओव्या ढोलाच्या साथीवर रात्र रात्र चालतात. एकाने ओळ टाकावी, इतरांनी ती झेलावी, आणि कथा पुढे जावी, अशी त्यांची रीत आहे. पोथी कोणासमोर नसते. एकाला जे आठवत नाही ते दुसरा पुरवितो. स्मरण येथे एकट्याचा गुण नसून समुदायाचे काम आहे, आणि ओवीचा आकार त्या कामातून घडलेला आहे.

अशा मौखिक संस्कृतीच्या महाराष्ट्रात ख्रिस्ती शास्त्र एकोणिसाव्या शतकात आले, ते छापील पुस्तकाच्या रूपाने. सेरामपूरच्या विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून १८११ साली नवा करार मोडी लिपीत निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ साली आणि संपूर्ण बायबल १८४७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यासाठी ही पुस्तके निघाली त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या बाबतीत पाठांतर हे वाचनाला पूरक साधन नव्हते. तेच वाचन होते. जे पाठ झाले तेवढेच त्यांचे शास्त्र. म्हणून पाठ करावयास काय दिले गेले आणि कोणत्या रूपात दिले गेले, याला मराठी ख्रिस्ती जीवनात असाधारण महत्त्व आहे.

आता ‘वचन’ या एककाचाच विचार करू. बायबलाची आजची अध्यायवार विभागणी तेराव्या शतकातील आहे, आणि नव्या कराराचे वचनांक रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. हे अंक संदर्भ शोधण्याच्या सोयीसाठी आहेत. मूळ लेखकाचे वाक्य कित्येकदा दोन-तीन वचनांतून वाहते. पौलाच्या पत्रांत तर एका युक्तिवादाचे पाच-सहा तुकडे होतात. ओवी किंवा अभंगाचा चरण हे कानाने पाडलेले एकक आहे, वचन हे मुद्रकाने पाडलेले एकक आहे. शब्बाथशाळेतील मूल जेव्हा अध्याय आणि अंक यांसह एक वचन म्हणते, तेव्हा ते कळत नकळत छापील पानाचेच स्मरण करीत असते. ही गोष्ट दोषास्पद नाही. पण तिचे परिणाम आहेत.

तो परिणाम किती गंभीर होऊ शकतो हे खुद्द शुभवर्तमानातच दाखविले आहे. अरण्यातील परीक्षेच्या प्रसंगी येशू सैतानाला तीन वेळा उत्तर देतो आणि तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातील वचने योजतो. पाठांतराचे समर्थक हा दाखला नेहमी देतात. पण त्याच प्रसंगी सैतानही शास्त्रवचन म्हणतो, आणि तेही अचूक स्थळ निवडून. येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून तो एक्याण्णवाव्या स्तोत्रातील देवदूतांच्या रक्षणाचे अभिवचन सांगतो. मत्तयाच्या वृत्तान्तात मूळ स्तोत्रातील एक भाग गळलेला आहे. ते रक्षण माणसाच्या सर्व मार्गांत, म्हणजे त्याच्या नित्याच्या वाटचालीत मिळावयाचे आहे, हे सांगणारे शब्द तेथे नाहीत. उडी मारणे ही काही वाटचाल नव्हे. तेव्हा या प्रसंगाचा खरा धडा असा की पाठांतर दोन्ही पक्षांकडे आहे. फरक आहे तो संदर्भाचा. येशूची तिन्ही उत्तरे इस्राएलाच्या अरण्यप्रवासाची आठवण करून देणाऱ्या एकाच ग्रंथभागातून आली आहेत, आणि तो स्वतःही अरण्यात आहे. त्याला वचन आठवते ते प्रकरणासह. सैतानाला आठवतो तो तुकडा.

बायबलाच्या रचनेतही स्मरणाची हीच दृष्टी दिसते. एकशे एकोणिसावे स्तोत्र १७६ वचनांचे आहे. हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांपैकी प्रत्येकाला आठ वचने, आणि त्या आठांचा आरंभ त्याच अक्षराने. अशी रचना पाठ करणाऱ्यासाठीच केलेली असावी, असे मानावयास जागा आहे. देवाचे वचन अंतःकरणात साठविल्याचे विधान याच स्तोत्रात आहे, हा योगायोग नव्हे. पहिल्या स्तोत्रात नीतिमान मनुष्य नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असे आपण वाचतो. तेथील मूळ हिब्रू क्रियापदात हलक्या आवाजात पुटपुटण्याचा अर्थ आहे. म्हणजे मनन ही क्रिया ओठांवर चालते. मराठीत ‘मनन’ म्हटले की ती गोष्ट मौनात गेली, आणि अक्षरबंध तर भाषांतरात राहिलाच नाही. अर्थ आला, पण आठवणीची यंत्रणा मागे राहिली. भाषांतरकाराचा हा अपराध नाही. पण हानी झाली हे नाकारता येत नाही.

पाठ असलेले वचन माणसाचे काय करते, याची बायबलातील दोन उदाहरणे मार्मिक आहेत. मरीयेचे स्तोत्र लूककृत शुभवर्तमानात आहे. त्यात शमुवेलाची माता हन्ना हिच्या गीताचे पडसाद इतके आहेत की दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. मरीया हन्नेला उद्धृत करीत नाही. तिच्या भाषेत स्वतःचे बोलते. दुसरे उदाहरण वधस्तंभावरचे. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ येशूच्या तोंडून निघतो, आणि शुभवर्तमानकारांनी तो ज्या ध्वनींत जपून ठेवला आहे त्यांत त्याची घरची अरामी बोली ऐकू येते. मरणाच्या वेदनेत आठवलेले वचन मातृभाषेत आले, ही गोष्ट आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. पाठांतराचे फळ उद्धरण नव्हे, वाणी हे आहे. आणि वाणी ही घरच्या भाषेचीच असते.

हे तत्त्व मराठीत सर्वांआधी ओळखले ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ साली प्रथम छापलेल्या त्यांच्या क्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभीच नवख्रिस्ती समाजाची अपेक्षा नमूद झाली आहे: धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे शिकविली जातात ते ठीक, पण पूर्वीच्या पुराणांच्या जागी काही पुराण हवे. स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तरांचे पुस्तकही लिहिले, पण लोकांच्या मुखी जावयाचे ते ओवीतूनच जाईल हे त्यांनी जाणले. पुढील इतिहास बोलका आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. त्या हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूरची आवृत्ती निघाली. म्हणणारी माणसे होती म्हणून नकलून ठेवणारी माणसे निघाली, असे म्हणावयास हरकत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण वेगळ्या दिशेने विचार करावयास लावते. लहानपणी आईकडून तोंडी शिक्षण मिळालेल्या रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक पाठ होते. पाठांतराचे सामर्थ्य त्यांच्याइतके कोणी अनुभवले असेल? तरीही, किंवा त्यामुळेच, अर्थावाचून केलेल्या पठणाची पोकळीही त्यांना ठाऊक होती. केडगावच्या मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी जे भाषांतर केले, आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, त्यात मुळाशी शब्दनिष्ठा आणि सामान्य स्त्रीपुरुषांना कळेल असा शब्द, या दोन गोष्टींचा आग्रह आहे. कार्य असामान्य आहे. पण शब्दशः निष्ठेमुळे वाक्य मराठी श्वासाला जड होते, आणि मंडळ्यांच्या उपासनेत ते भाषांतर रूढ झाले नाही. सुबोधता आणि सुस्मरणीयता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून दिसते.

नारायण वामन टिळकांनी तिसरा मार्ग काढला. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने दिलेला नवा करार त्यांच्या हाती आला, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास राहिले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. म्हणजे म्हसवड ज्या जिल्ह्यात मोडते, त्याच्याच मुख्य गावी मराठी ख्रिस्ती भक्तीने वारकरी आणि संन्यासी ही दोन्ही देशी रूपे अंगीकारली. टिळकांची पदे ‘उपासना संगीता’त मोठ्या संख्येने आहेत. ती मंडळ्यांना जितकी पाठ आहेत तितकी वचने पाठ नाहीत, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

या यशाचीही चिकित्सा केली पाहिजे. टिळकांच्या पदांत येशूविषयीचे प्रेम, आर्तता आणि समर्पण आहे. पण संदेष्ट्यांचा कोप, ईयोबाचा वाद, दाखल्यांची धार ही पदांत फारशी उतरत नाहीत. अभंगाची प्रकृतीच आत्मनिवेदनाची आहे. केवळ पदे पाठ असणाऱ्याजवळ भक्ताची भावना असते, शास्त्राचा मजकूर नसतो. उलट केवळ वचने पाठ असणाऱ्याजवळ मजकुराचे तुकडे असतात, त्यांना जोडणारा सूर नसतो. मराठी ख्रिस्ती जीवनात ही फाळणी झाली आहे: स्मरण पद्याकडे गेले आणि प्रमाण गद्याकडे राहिले.

पाठांतरावर पोपटपंचीचा आक्षेप घेतला जातो. तो आपल्या संतांनीही घेतला आहे. परंतु तो घेणाऱ्या संतांचे काव्य लोकांनी पाठ करूनच जगविले, हेही विसरता येत नाही. अर्थ आधी की पाठ आधी, हा वाद मला निष्फळ वाटतो. लहानपणी पाठ झालेल्या वचनाचा अर्थ पुष्कळदा चाळिशीत उलगडतो, आणि तो उलगडावा म्हणून ते आधी आत असावे लागते. खरा दोष अर्थ उशिरा येण्यात नसून तुकडा पाठ करण्यात आहे.

म्हणून पाठांतराचे एकक बदलले पाहिजे, असे माझे मत आहे. एकेका वचनाऐवजी एक अखंड स्तोत्र, एक दाखला, डोंगरावरील प्रवचनाचा एक सलग भाग पाठ व्हावा. तो एकट्याने घोकण्याऐवजी माणदेशी ओवीप्रमाणे मंडळीत आळीपाळीने म्हटला जावा, म्हणजे एकाचे विस्मरण दुसऱ्याने भरून निघेल. भाषांतराच्या संशोधकांनीही मसुदा निरक्षर माणसासमोर मोठ्याने वाचावा, आणि तिसऱ्या वाचनानंतर त्याला काय म्हणता येते ते पाहावे. शब्द बदलताना जुन्या पिढीच्या जिभेवर काय बसलेले आहे, याचीही नोंद घेतली जावी. कारण एका शब्दाच्या दुरुस्तीने आजी आणि नातू यांचे एकत्र म्हणणे अडखळते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. शहरी ख्रिस्ती कुटुंबांतील पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि वचने इंग्रजीत पाठ करतात. शोधावयाचे वचन खिशातील फोन क्षणात दाखवितो. त्यामुळे ज्ञानाची हानी होत नाही. पण बाविसाव्या स्तोत्राचा दाखला घेतला तर विचारावे लागते: संकटाच्या घटकेस, जेव्हा शोधावयास हात मोकळा नसेल, तेव्हा या मुलांच्या ओठांवर कोणत्या भाषेतील वचन येईल, आणि उशाशी बसलेल्या माणसाला ते त्यांच्याबरोबर म्हणता येईल काय? मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे भवितव्य बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.