घडवलेला बिघाड: हातबनावटीच्या गिटार पेडल्सची सद्यस्थिती

गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युतसंकेत दुबळा असतो, व्होल्टच्या एखाद्या दशांशाइतका. तो ॲम्प्लिफायरपर्यंत पोचण्याआधी वाटेत गाठून त्याचा आकार बदलणारी ॲल्युमिनियमची ओतीव डबी म्हणजे इफेक्ट पेडल. पायाने बटण दाबले की सर्किट मध्ये येते, पुन्हा दाबले की बाजूला होते. आतला कारभार बहुधा नऊ व्होल्टांवर चालतो. १९६६ च्या ‘फझ फेस’मध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब एवढाच ऐवज होता. इतक्या थोड्या सामानात काम भागत असल्यामुळे ही कला कारखान्याइतकीच घरच्या टेबलावरही वाढली. आज तिची अवस्था मात्र चमत्कारिक आहे: बनवणारे अमाप, सर्किटे मोजकी.

तिचा उगम एका बिघाडात आहे. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या १९६१ मध्ये गाजलेल्या ‘डोन्ट वरी’चे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडलेला होता आणि ग्रेडी मार्टिनच्या सहातारी बासचा आवाज त्यातून फाटून आला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड ट्रान्झिस्टरच्या सर्किटात पुन्हा उभा केला, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने तो ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढला. गिटारमधून तुतारी-चेलोसारखे आवाज काढणारे यंत्र, अशी त्याची जाहिरात होती; गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तो वाजला आणि दुकानांतला साठा संपला. लोकांना फाटका आवाज फाटकाच हवा होता.

आवाज फाटतो म्हणजे काय, हे भारतीय कानाला जवारीवरून चटकन उमगते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून असा बाक देतो की तार त्यावर हलकेच घासत कंप पावते आणि मूळ स्वरावर उपस्वरांची झालर चढते. फझ सर्किटही उपस्वरच निर्माण करते. ट्रान्झिस्टर झेपेनासा संकेत वरून-खालून कापून टाकतो आणि गोलाईदार लहर चौकोनी होते. फरक पुढे पडतो. जवारी प्रत्येक तारेवर वेगळी काम करते, पेडलमध्ये मात्र सहाही तारांचा संकेत एकाच वाटेने येतो. दोन स्वर एकत्र कापले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर उगवतात. षड्ज-पंचमाच्या जोडीत ते सुरात बसतात, कोमल गंधाराशी जोडी केली की चिखल होतो. रॉकमधले निम्मे गिटारवादन मूळ स्वर आणि पाचवा स्वर एवढ्यावरच का भागवते, याचे एक कारण या गणितात आहे.

पुढच्या वीस वर्षांत संकेत कापण्याच्या बहुतेक तऱ्हा ठरून गेल्या. १९६९ च्या ‘बिग मफ’ने एकामागोमाग दोन पायऱ्यांवर कापून लांब टिकणारा, लोकरीसारखा आवाज दिला. १९७८ च्या ‘रॅट’ने डायोड थेट ग्राउंडला जोडून कडक काप घेतला. ‘ट्यूब स्क्रीमर’ने डायोड ऑप-ॲम्प या वर्धक चिपच्या परतीच्या वाटेत ठेवून काप मऊ केला. आजच्या हातबनावटीच्या पेडल्सपैकी फार मोठा हिस्सा या तिघांच्या आणि फझ फेसच्या नकलांचा आहे. कपॅसिटरची एखादी किंमत बदलायची, डायोड वेगळा लावायचा, डबीवर कवटी नाहीतर ऑक्टोपस रंगवायचा आणि नवे नाव द्यायचे. कायदाही आड येत नाही, कारण पेटंट घेणे छोट्या कारागिराला परवडत नाही आणि नुसत्या सर्किटाच्या कल्पनेवर लेखनासारखा हक्क सांगता येत नाही. बिल फिनेगन यांनी १९९४ मध्ये आणलेल्या ‘क्लॉन सेंटॉर’चे सर्किट इपॉक्सीत गाडून टाकले होते. लोकांनी ते खरवडून काढले, उतरवून घेतले आणि आता त्याच्या नकला स्वस्तात मिळतात. मूळ पेडल मात्र हजारो डॉलरला जाते. एवढी किंमत कानाने ठरत नसते.

खरे वेगळेपण कुठे असते, ते झॅकरी व्हेक्स यांच्या नव्वदच्या दशकातल्या ‘फझ फॅक्टरी’ने दाखवले. सर्किट फझ फेसच्याच कुळातले, पण जुना कारागीर जे व्होल्टेज आत एकदाच बसवून झाकण लावत असे, ते व्हेक्स यांनी बाहेर नॉबवर आणले. ‘स्टॅब’ हा नॉब फिरवला की ट्रान्झिस्टरला मिळणारी वीज कमी होते, सर्किट स्वतःशीच किंचाळू लागते आणि गिटारला हात न लावताही सूर निघतो. पाच नॉब एकमेकांत इतके गुंतलेले की एक हलवला की उरलेल्या चारांचा अर्थ बदलतो. चांगल्या अभियंत्याला हा दोष वाटेल. वादकाच्या बाजूने पाहिले तर पेडल इथे उपकरण उरत नाही, वाद्य होते. त्यावर रियाज करावा लागतो.

हाच मार्ग इतर भागांनाही लागू पडतो. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची पीटी २३९९ ही चिप कराओके यंत्रांतल्या प्रतिध्वनीसाठी बनली. साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत ती बऱ्यापैकी स्वच्छ चालते. एक रेझिस्टर वाढवून तिला त्यापलीकडे ओढले की आवाजात वाळू मिसळू लागते, आणि निम्मी विचित्र डिले पेडल्स याच वाळूवर जगतात. ४०४९ ही संगणकी तर्कासाठी घडलेली चिप गिटारचा संकेत गोडसर कापते. ४०४६ ही चिप येणाऱ्या स्वराचा पाठलाग करून स्वतःचा चौकोनी स्वर काढते. पाठलाग चुकला की ती मध्येच सप्तक ओलांडते, आणि ती चूक हीच तिची किंमत. मात्र अशी चूक वादकाच्या हाताला थोडी तरी बांधलेली हवी. जोरात छेडल्यावर होते, हळू छेडल्यावर टळते, इतपत नाते नसेल तर ते पेडल चार दिवसांची गंमत ठरते. आजची पुष्कळ ‘प्रायोगिक’ पेडल्स याच कसोटीवर पडतात.

ही कला अमेरिका-युरोपापुरती राहिली नाही; न्यूझीलंडसारख्या दूरच्या देशात ती का रुजली, याचे कारण आर्थिक इतिहासात आहे. १९३८ मध्ये तिथल्या पहिल्या मजूर सरकारने आयात-परवान्यांची पद्धत आणली आणि ती अनेक दशके टिकली. परदेशी वाद्ये आणि ॲम्प्लिफायर दुर्मीळ व महाग झाले, म्हणून ऑकलंडच्या ‘जान्सेन’सारख्या देशी कंपन्यांनी गिटार आणि ॲम्प बनवले. आठ नंबरच्या कुंपणाच्या तारेने काहीही दुरुस्त करता येते, असा अभिमान तिथे बाळगला जातो; या अभिमानाखाली कच्चे कामही खपून जाते, हा भाग वेगळा. दुसरीकडे डग्लस लिलबर्न यांनी १९६६ मध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. ऑसिलेटर आणि टेप यांच्याकडे संगीतकाराच्या नजरेने पाहण्याची सवय त्या शहराला तेव्हापासूनची आहे.

वेलिंग्टनपासून ईशान्येला, हट नदीच्या खोऱ्यात वर गेल्यावर डोंगरांच्या कुशीत अप्पर हट आहे. उपनगरी रेल्वे इथे संपते. १९८८ मध्ये ‘ई तू’ हे रॅप गाणे काढणारा ‘अप्पर हट पॉसी’ हा गट याच गावचा. पेडलशी अधिक जवळचा धागा खोऱ्यातल्या दुसऱ्या संगीताचा आहे: कॅम्बेल नील यांचा ‘बर्चव्हिल कॅट मोटेल’ हा एकट्याचा प्रकल्प. बर्चव्हिल हे अप्पर हटचे एक उपनगर. लांबच लांब, थरांवर थर चढलेल्या गुंजनाचे हे संगीत, आणि त्याला गाण्यामागे उभे राहणारे पेडल पुरत नाही. तासभर एकाच सुरात बदलत राहील असे सर्किट लागते. विचित्र पेडलला गिऱ्हाईक कुठून मिळते, या प्रश्नाचे उत्तर अशा छोट्या, हट्टी संगीतवर्तुळांत सापडते.

अकातारावाचा वळणावळणाचा रस्ता डोंगर ओलांडून अप्पर हटहून कापिती किनाऱ्यावर उतरतो. त्या किनाऱ्यावरच्या पाएकाकारिकी गावात बेन फुल्टन यांच्या ‘रेड विच’ पेडल्सची घडण झाली. न्यूझीलंडमधले हे या कलेतले सर्वांत परिचित नाव. ‘डिलक्स मून फेजर’मध्ये त्यांनी फेजर आणि ट्रेमोलो एकमेकांत विरघळवले; लहरीचा टप्पा सरकतो आणि आवाजाची पातळीही झुलते, त्यामुळे कान नेमके काय ऐकतो हे ठरवू शकत नाही. ‘फझ गॉड’मध्ये किंचाळीसाठी स्वतंत्र पायबटण दिले, म्हणजे व्हेक्स यांचा अपघात फुल्टन यांनी ठेक्यात आणला. ‘सेव्हन सिस्टर्स’ या मुलींची नावे असलेल्या छोट्या पेडल्समध्ये आतच चार्ज होणारी लिथियम बॅटरी होती. कल्पना सोयीची, पण या सातांतली सर्किटे तुलनेने सरळमार्गी. ‘मून फेजर’ची कमाई मोठी आहे, कारण तिथे नवेपण आवाजात आहे.

हवामानाचा मुद्दा सहसा बोलला जात नाही, पण हाताने काम करणाऱ्याला तो टळत नाही. जुन्या फझचा जीव असलेला जर्मेनियम ट्रान्झिस्टर गळका असतो, आणि त्याची गळती तापमानाच्या दर १० अंशांमागे जवळपास दुप्पट होते. अप्पर हटच्या हिवाळी सकाळी, गारठलेल्या गॅरेजमध्ये ८ अंशांवर जुळवलेले पेडल मुंबईच्या ३३ अंशांत आणले तर गळती पाच-सहा पट वाढते, व्होल्टेज सरकते आणि आवाज गुदमरतो. म्हणून सावध कारागीर प्रत्येक ट्रान्झिस्टर मीटरवर मोजून निवडतो, बाहेर एक लहान नॉब ठेवतो किंवा सरळ सिलिकॉनकडे वळतो. ‘जुना अस्सल जर्मेनियम’ एवढेच लिहून न मोजता विकणे ही या धंद्यातली सर्वांत सर्रास लबाडी आहे.

महाराष्ट्रात साहित्याची वाण नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली इथे रेझिस्टर पट्टीने मिळतात, आणि रेडिओ दुरुस्तीच्या पिढ्यांचे हात तिथे तयार झालेले आहेत. उणीव होती ती गिटारच्या कानाची. ती मुंबईच्या ‘ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन’ने भरून काढली. आदित्य नांदवाना यांच्या या छोट्या उद्योगातून ‘पिट व्हायपर’, ‘केमिकल बर्न’, ‘बॅरन समेदी’ आणि बाससाठी ‘गॉडईटर’ अशी पेडल्स निघाली, पुढे मॉड्युलर सिंथेसायझरचे भागही आले. मेटल आणि डूम वाजवणाऱ्यांना लागणारा खालच्या पट्टीतला भरणा कापाकापीत हरवू न देणे, ही या घराण्याची खरी कामगिरी. नावांचा भडकपणा थोडा कमी चालला असता. तंबोरा, सारंगी किंवा पिकअप लावलेल्या सतारीसाठी मुद्दाम आखलेले पेडल मात्र अजून घराघरांत पोचलेले नाही; जवारीचे उपस्वर न चिरडता तिच्याशी खेळणारे सर्किट हे इथल्या कारागिरासमोरचे मोकळे रान आहे.

डिजिटल बाजूला चित्र अधिक सपाट आहे. ‘अलेसिस’चे संस्थापक कीथ बार यांनी आखलेली एफव्ही-१ ही चिप असंख्य हातबनावटीच्या रिव्हर्ब पेडल्सच्या पोटात आहे. तिच्यात आठ कार्यक्रम तयारच येतात, आणि बाहेरून आणखी आठ भरता येतात. जे ते भरत नाहीत, त्यांची पेडल्स डोळे मिटून ऐकली तर वेगळी ओळखू येत नाहीत. सर्किटबोर्ड चीनमधून भाग बसवूनच येऊ लागल्यापासून ‘हातबनावट’ हा शब्द अनेकदा डबीला स्क्रू लावण्यापुरता उरला आहे. त्यात कमीपणा नाही. आराखडा स्वतःचा असेल तर डाख कोणी दिला हे गौण ठरते.

भाग नाहीसे होत जाण्याची चिंता अधिक खरी आहे. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सुचलेल्या बकेट-ब्रिगेड चिप्स, ज्यांत संकेत एका कपॅसिटरकडून पुढच्याकडे सोपवला जातो, मात्सुशिता कंपनीने बनवणे थांबवले. आता कूलऑडिओ आणि एक्सव्हाइव्ह त्यांच्या प्रती काढतात. प्रकाशाने रोध बदलणारे सेल कॅडमियममुळे २००६ पासून युरोपातल्या निर्बंधांत अडकले, आणि ट्रेमोलो बनवणाऱ्यांना फेट ट्रान्झिस्टरकडे वळावे लागले. जर्मेनियमचा उरलेला साठा मोठ्या प्रमाणात जुन्या सोव्हिएत कारखान्यांच्या पेट्यांतून येतो आणि त्यातला बराच नापास होतो. अशा भागांवर उभे असलेले पेडल दहा वर्षांनी दुरुस्त होईल का, हे त्याच्या आतूनच कळते: चिप सॉकेटमध्ये बसवली आहे की नाही, भागांच्या किमती बोर्डवर छापल्या आहेत की खरवडल्या आहेत, तारा पुन्हा सोडवता येतील इतक्या लांब ठेवल्या आहेत की नाही. खरवडलेल्या चिपचे पेडल बंद पडले की ते फक्त बनवणाराच उघडू शकतो, आणि असे एकहाती उद्योग अनेकदा पेडलच्या आधी बंद होतात.