‘स्वातंत्र्य’ ही संज्ञा आणि वऱ्हाडचा कापूस

शासन, बाजार आणि स्वातंत्र्य यांच्या परस्परसंबंधांविषयी मराठीत जो वाद होतो, त्याला ‘उदारमतवादी’ विरुद्ध ‘सनातनी’ ही जोडी फारशी उपयोगी पडत नाही. ही जोडी एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादाने घडविली. तिच्यात स्वातंत्र्याचा प्रतिपक्ष रूढी हा होता, शासन नव्हे. न्या. रानडे यांनी १८९२ साली पुण्यात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात निर्हस्तक्षेपाचे तत्त्व सार्वकालिक मानण्यास नकार दिला, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मराठी उदारमतवाद बाजारवादी म्हणून जन्मास आलेला नाही.

शरद जोशी (१९३५–२०१५) यांचे लेखन या परंपरेला छेद देते. त्यांच्या विचारव्यूहात शासन हेच शोषणाचे साधन ठरते आणि खुला बाजार ही मुक्तीची पूर्वअट होते. वऱ्हाडात या मांडणीला आधार होता तो अनुभवाचा. १९७२ पासून लागू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने व्यापारी आणि दलाल यांच्यापासून शेतकऱ्याचे रक्षण करण्याचे योजिले. परंतु संरक्षक हाच एकमेव गिऱ्हाईक होऊन बसला. स्वतःच्या शेतातला कापूस सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा ठरला. तथापि शेतकऱ्याचे वर्तन कोणत्याच सिद्धान्ताला पूर्णतः अनुकूल नव्हते. योजनेचा भाव बाजाराहून कमी असे तेव्हा येथला कापूस बाहेर जाई. चढा असे तेव्हा परराज्यातला कापूस येथे येई. शासन की बाजार, हा प्रश्न त्याच्यापुरता तत्त्वाचा नव्हता, त्या हंगामाचा होता.

जोशींच्या युक्तिवादाचे बळ ‘शेतकरी’ या एकवचनात आहे. त्याची मर्यादाही तेथेच आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजे. अमरावती परिसरातील या कादंबरीची नायिका कौतिक शिंप्याच्या घरातली. पोट भरावे लागते ते मोलमजुरीवर. तिच्यापाशी विकण्याजोगा कापूस नाही, आहेत ते केवळ हात. शासन तिच्या दाराशी येत नाही आणि भाव वाढला तरी तो तिच्या मजुरीत आपोआप उतरत नाही. शिवाय घरातील पुरुषाच्या निष्क्रियतेचा भार तिलाच वाहावा लागतो. तिचे पारतंत्र्य केवळ शासनाने किंवा केवळ बाजाराने निर्माण केलेले नाही.

जोशींना हे दिसले नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ चे चांदवड येथील महिला अधिवेशन आणि त्यानंतरची, पत्नीच्या नावे जमीन करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम ही त्याची साक्ष आहे. परंतु ही मोहीमच त्यांच्या सिद्धान्ताची सर्वांत गंभीर चिकित्सा आहे. भावाने मुक्ती साधत असती, तर सातबाऱ्यावरील नावाला हात घालण्याचे प्रयोजन उरले नसते. येथे ते पुन्हा सुधारकांच्या मूळ प्रश्नापाशी, म्हणजे घरातील रूढीपाशी, येऊन पोचतात.

२००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा शासन दात्याच्या रूपाने परतले. तेव्हापासून वाद पुन्हा मदत विरुद्ध बाजार असाच मांडला जातो. ग्रामीण साहित्याच्या समीक्षेनेही बहुधा याच द्वंद्वात शेतकऱ्याचे दुःख वाचले आहे. स्वातंत्र्य कोणाचे आणि कोणापासून, हा कौतिकचा प्रश्न त्या वाचनात अजून यावयाचा आहे.