ट्रॅव्हलर समुदायाचा निवारा : तरतूद आणि पूर्तता

आयर्लंडमधील ट्रॅव्हलर हा परंपरेने भटके जीवन जगणारा, स्वतःची बोली आणि कुटुंबव्यवस्था जपणारा अल्पसंख्य समुदाय होय. २०२२ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३२,९४९ इतकी नोंदली गेली. एवढ्या लहान समुदायाच्या निवाऱ्याचा प्रश्न सहा दशकांत का सुटला नाही? निधीचा अभाव हे त्याचे रूढ उत्तर होय. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा करावयाची आहे.

१९६३ च्या शासकीय आयोगाने भटकेपणालाच समस्या मानले व स्थिर समाजात विलीनीकरण हा उपाय सुचविला. १९९५ च्या कृतिदलाने ही दृष्टी बदलली. ट्रॅव्हलरांची स्वतंत्र संस्कृती मान्य करून त्याने २००० पर्यंत ३,१०० निवास-एककांची शिफारस केली. त्यांत ९०० घरे होती, तर उर्वरित २,२०० कॅरॅव्हॅनसाठीच्या सुविधायुक्त जागा होत्या. विहित मुदतीत हे उद्दिष्ट गाठले गेले नाही.

१९९८ च्या गृहनिर्माण कायद्याने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणावर पंचवार्षिक निवास-कार्यक्रम तयार करण्याचे बंधन घातले. अंमलबजावणीबाबत मात्र 'वाजवी पावले' उचलावीत एवढीच अपेक्षा ठेवली. अपयशाबद्दल शिक्षेची तरतूद केली नाही. याउलट २००२ च्या दुरुस्तीने परवानगीविना दुसऱ्याच्या जमिनीवर तळ ठोकणे हा फौजदारी गुन्हा ठरविला. जागा न देणारे प्राधिकरण निर्दोष आणि जागेअभावी थांबलेले कुटुंब अपराधी, ही या कायदेव्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय.

आता निधीचा विचार करू. २००८ नंतरच्या मंदीत या निधीत सुमारे ८५ टक्के कपात झाली, हे खरे आहे. परंतु ट्रॅव्हलरांसाठीच्या खास निवासाचा भांडवली खर्च मध्यवर्ती शासन पूर्णतः उचलते. तरीही २०१८ मध्ये १ कोटी २० लाख युरोंपैकी जेमतेम निम्मी रक्कम खर्च झाली. अर्थात अडथळा तिजोरीत नसून स्थानिक विरोधात आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये डब्लिनजवळील कॅरिकमाइन्स येथील तात्पुरत्या तळावर आग लागून दहा जणांचा मृत्यू झाला. त्यातून वाचलेल्यांच्या पुनर्वसनासही तेथील काही रहिवाशांनी विरोध केला.

२०१९ च्या तज्ज्ञ गटाने अशा प्रकल्पांच्या मंजुरीबाबतचा निर्वाचित सदस्यांचा अधिकार स्थगित करण्याची शिफारस केली. ती लोकशाहीविरोधी असल्याचा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तथापि एकूण लोकसंख्येत एक टक्काही नसलेला समुदाय कोणत्याही प्रभागात बहुमत मिळवू शकत नाही. त्याचा मूलभूत हक्क शेजाऱ्यांच्या संमतीवर सोपविणे म्हणजे तो नाकारणेच होय. म्हणून ही शिफारस समर्थनीय ठरते.

२०२० मध्ये १ कोटी ४५ लाख युरोंची तरतूद पूर्णतः खर्च झाली, ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु त्यात कोविडकाळातील तातडीच्या उपायांचाही समावेश होता. २०२१ मध्ये बालहक्कविषयक लोकपालांच्या अहवालाने एका तळाचे विदारक चित्र मांडले. तेथे ४० व्यक्तींसाठीची शौचालये व स्नानगृहे १४० जण वापरत होते. खर्चाची पूर्तता म्हणजे निवाऱ्याची पूर्तता नव्हे, हाच त्याचा अर्थ. २०१७ मध्ये आयरिश शासनाने ट्रॅव्हलरांना वांशिक अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. किती युरो खर्च झाले याऐवजी किती कुटुंबांना सन्मानाने राहण्याजोगी जागा मिळाली, हा निकष स्वीकारून त्यास कायद्याचे बंधन जोडल्याखेरीज त्या मान्यतेस व्यावहारिक अर्थ प्राप्त होणार नाही.