विज्ञानपटांतील गौण पात्रे आणि रसिकांच्या विनोदी उपपत्ती

कथात्म साहित्याच्या अध्यापनात 'गौण पात्रे' हा घटक आपल्याकडे बहुधा टिपेपुरता उरतो. नायकाच्या स्वभावास उठाव देणे, कथानकास गती देणे, विनोदनिर्मिती करणे अशी तीन-चार प्रयोजने लिहिली की विद्यार्थ्यास पाचपैकी साडेतीन गुण मिळतात आणि विषय संपतो. विज्ञानकथेच्या बाबतीत तर समीक्षेने आणखी एक सवलत घेतली आहे. येथे कल्पना हीच नायक, पात्रे केवळ तिची वाहक, असे एकदा म्हटले की कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्याचे कारणच राहत नाही. ही उणीव भरून काढली ती एकच चित्रपट दहादा पाहणाऱ्या रसिकांनी, आणि तीही थट्टेच्या मार्गाने. पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या पात्राचा पूर्वेतिहास, हेतू, चाकरी यांविषयी गंभीर चेहऱ्याने मांडलेल्या विनोदी उपपत्ती हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्या सर्वच मौलिक आहेत असे मुळीच नाही. त्यांतील कोणत्या समीक्षेच्या पातळीला पोचतात आणि कोणत्या नुसत्या करामती ठरतात, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) या चित्रपटात सापडते. ढगांत तरंगणारे एक नगर शत्रूच्या ताब्यात जाते आणि नागरिकांची पळापळ सुरू होते. त्या गर्दीत नारिंगी पोशाखातील एक मनुष्य हातात एक यंत्र घेऊन धावत जातो. दृश्य दोन सेकंदांचेही नाही. परंतु ते यंत्र म्हणजे घरगुती आइसक्रीम करण्याचे भांडे आहे हे प्रेक्षकांनी ओळखले, आणि प्रश्न उभा राहिला की नगर बुडत असताना हा गृहस्थ आइसक्रीमचे भांडे का वाचवीत आहे? पुढे पत्त्यांच्या एका खेळात त्याला विलरो हूड हे नाव मिळाले. त्या भांड्यात बंडखोरांविषयीची गुप्त माहिती होती, ती शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तो धावत होता, असा खुलासाही मिळाला. रसिकांनी मात्र मूळ थट्टा सोडली नाही. चाहत्यांच्या मेळाव्यांत नारिंगी पोशाख घालून, भांडी कवटाळून सामुदायिक धाव घेतली जाऊ लागली. 'द मँडलोरियन' (२०१९) या मालिकेत तेच भांडे मौल्यवान ऐवज ठेवण्याची पेटी म्हणून अवतरले.

अधिकृत खुलाशापेक्षा थट्टाच अधिक खरी आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. खुलासा त्या माणसाला कटाचा भागीदार करून मोठा करतो. थट्टा त्याला होता तसाच ठेवते: संकटात हाताशी आले ते घेऊन निघालेला एक माणूस. मोर्णेला पूर आला म्हणजे अकोल्यातील काठच्या वस्त्यांतून लोक शिलाई मशीन, मिक्सर, गॅसची टाकी उचलून बाहेर पडतात. त्यांपैकी कोणाच्याही सामानात राज्याचे गुपित नसते.

दुसरे उदाहरण थोडक्यात पुरे. 'स्टार वॉर्स' (१९७७) मध्ये दारातून आत शिरताना एका सैनिकाचे डोके चौकटीवर आपटते. ही चित्रीकरणातील चूक होती. पुढे 'अटॅक ऑफ द क्लोन्स' (२००२) मध्ये क्लोन सैनिकांचा मूळ पुरुष जँगो फेट हाही यानात शिरताना डोके आपटून घेतो, आणि २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत जुन्या दृश्यास आघाताचा ध्वनी जोडला गेला. वेंधळेपणा आनुवंशिक होता, ही उपपत्ती येथे जवळजवळ पुराव्यानिशी सिद्ध होते! दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी प्रेक्षकांची थट्टा कानावेगळी केली नाही, हे विशेष.

याउलट २०१५ मध्ये गाजलेली जार जार बिंक्सविषयीची उपपत्ती पाहावी. 'द फँटम मेनेस' (१९९९) मधील हे धडपडे, हास्यास्पद पात्र वस्तुतः सर्व कारस्थानांचा छुपा सूत्रधार आहे, असे तीत प्रतिपादन केले जाते. पुरावे कष्टाने गोळा केले आहेत, मांडणी चतुर आहे. तरीही ही दृष्टी गौण पात्राची नव्हे. बावळट माणूस बावळट म्हणून लक्ष देण्यास पात्र नाही, तो गुप्तपणे सामर्थ्यवान असेल तरच त्याच्याकडे पाहावे, असा तिचा गर्भितार्थ निघतो. मुख्य आणि गौण ही उतरंड ती मोडत नाही. केवळ एकाला खालच्या पायरीवरून वर नेऊन बसवते.

ही प्रवृत्ती परदेशातून आली, असे मानण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचेच घ्या. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले, म्हणून 'कीचकदरा' आणि त्याचे चिखलदरा, ही व्युत्पत्ती वऱ्हाडात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जवळचे वैराट ही विराटाची नगरी, आणि भीमकुंडात भीमाने अंग धुतले, असेही सांगतात. महाभारताच्या विराटपर्वात कीचकाचे प्रेत त्याचे बांधव दहनासाठी नेतात, आणि मत्स्यदेश अभ्यासक राजस्थानात दाखवतात. तेव्हा पुराव्याच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. परंतु तिने विचारलेले प्रश्न पाहावेत. एवढे मोठे धूड गेले कोठे? मारणाऱ्याने हात कोठे धुतले? ग्रंथाला ज्यांची गरज वाटली नाही असे हे व्यवहारी प्रश्न आहेत. शिवाय लोकमानसाने कीचकाला सज्जन ठरविले नाही. तो दुष्टच राहिला. फक्त त्याच्या वाट्याला एक दरी आली.

हीच कसोटी घेऊन 'मिस्टर इंडिया'कडे (१९८७) वळता येईल. शेखर कपूर दिग्दर्शित या चित्रपटातील अदृश्य करणारे यंत्र, लाल प्रकाशाचे बंधन, मोगॅम्बोचे बेट यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. सतीश कौशिक यांनी साकारलेला स्वयंपाकी कॅलेंडर हा मात्र विनोदापुरता मानला जातो. अरुण हाच मिस्टर इंडिया आहे हे कॅलेंडरला सर्वांआधी कळले असणार, असा तर्क आमच्या विद्यार्थ्यांच्या गप्पांत ऐकू येतो. कारण सोपे आहे: वाण्याची उधारी थकलेल्या त्या घरात कोण किती जेवला याचा हिशेब एकट्या स्वयंपाक्याकडे असतो, आणि अदृश्य माणसालाही भूक लागते. याला आधार देणारा संवाद दाखविता येणार नाही. तथापि, या तर्कामुळे चित्रपटातील उपासमार विनोदाच्या आडून पुन्हा दिसू लागते, हे मान्य करावे लागते. कॅलेंडर येथे हेर होत नाही, स्वयंपाकीच राहतो. जार जारच्या उपपत्तीहून ही श्रेष्ठ ठरते ती याच कारणाने.

याहून अवघड प्रसंग तेजाबाच्या हौदाचा आहे. आपल्या माणसांची निष्ठा पाहुण्यांना दाखविण्यासाठी मोगॅम्बो हुकूम देतो आणि सैनिक जयजयकार करीत हौदात उड्या घेतात. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो, आणि चित्रपटही क्षणात पुढे सरकतो. या सैनिकांना पगार किती होता, भरतीच्या वेळी हौदाची कल्पना दिली होती काय, दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर काय लिहिले, असे प्रश्न थट्टेने विचारले जातात. या थट्टेला उत्तर देणे चित्रपटास शक्य नाही. कथानकाने टिना या लहान मुलीच्या मृत्यूवर प्रेक्षकांना रडविले आहे, आणि तेच कथानक या मृत्यूंचा खर्च कोठेही लिहीत नाही. 'हजेरीपटा'चा प्रश्न विचारणारा विद्यार्थी नकळत हेच दाखवून देतो. पाच गुणांच्या टिपेत त्याचे हे उत्तर कोठे बसवावे, याची सोय आपल्या गुणदान-पत्रिकेत अद्याप नाही.